तक्रार नसलेली कवळी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने स्वतःच्या बहिणीच्या तोंडात डोकावू नये, असा काही नियम नाही. तरी या गृहस्थांनी तो पंचवीस वर्षं पाळला.

सगळे त्यांना दातवाले म्हणत. खाली दुकान, वर घर. दुकानात प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले आणि घासलेल्या हिरड्यांची गुलाबी धूळ टेबलापासून भुवयांपर्यंत बसलेली. आल्यागेल्या प्रत्येकाला ते बिनदिक्कत "आ करा" म्हणत. पण ताईची गोष्ट वेगळी. आई गेल्यावर हिने त्यांचं नाक पुसलं, पाढे पाठ करून घेतले, वेळप्रसंगी कानही उपटला. तिला "आ कर" कोण म्हणणार? दुकान सुरू केल्यावरचं पहिलं काम म्हणजे ताईची कवळी, आणि तिचं मापही त्यांनी नजर वळवूनच घेतलं होतं. "नीट बसते ना?" असं ते दर वर्षी विचारत. ताई म्हणे, "झकास." दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाने पंचवीस वर्षं तक्रार केली नसती, तर माणूस हयात आहे का, याची दातवाल्यांनी चौकशी केली असती.

कवळी चिकटवायचं क्रीम मात्र ताईला वरचेवर लागे. "दोन ट्यूबा दे," म्हणे, की दातवाले खोक्यातून काढून देत. एक ट्यूब माणसाला महिना-दीड महिना पुरावी. ताईला आठवड्याला दोन लागत. मैत्रिणींना वाटून टाकत असेल, असा त्यांनी परस्पर निकाल लावून टाकला होता.

शहात्तराव्या वर्षी ताईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. मग तळवे बधिर झाले. चप्पल पायात आहे की मागे राहिली, हे खाली बघितल्याशिवाय कळेना. डोळे मिटून तोंड धुवायला गेली की तोल जाई. दातवाल्यांच्या बायकोने निदान केलं, "वय झालं." हे निदान फार सोयीचं असतं. त्यावर औषध नसतं आणि देणाऱ्यावर बालंटही येत नाही. पण भिंत धरून चालणारी ताई दोन महिन्यांत खुर्चीला खिळली, तेव्हा दातवाल्यांचं धाबं दणाणलं. ही बाई कायमची बसली तर, या विचाराने त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तपासण्या केल्या आणि कागद दोनदा वाचला.

"यांच्या रक्तात तांबं जवळजवळ नाहीच."

"तांबं?" दातवाले म्हणाले. "ते माणसाला लागतं?"

"कणभर लागतं. पण तो कण नसला की नसा बिघडतात, रक्त कमी होतं. आणि जस्त भरमसाट आहे. जस्त फार झालं की ते तांब्याला आत शिरू देत नाही. झिंकची काही गोळी, टॉनिक घेतात का?"

"छे हो," बायको म्हणाली. "पण मी तीळ, दाणे, डाळी, सगळं देते त्यांना."

"खाण्यात खोट नाही. खाल्लेलं अंगी लागू देत नाहीये कुणीतरी. ते शोधा. जस्त थांबल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग नाही. आणि लवकर शोधा, कारण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही."

तीन दिवस घराची झडती झाली. जुनी जस्ताची बादली निर्दोष असूनही हद्दपार झाली. चौथ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाने क्रीमची ट्यूब घेतली आणि विचारलं, "लावायचं किती?"

"वाटाण्याएवढं," दातवाले सवयीने म्हणाले. "जास्त लावलं तर पोटात जातं." आणि सूचना दाखवायला त्यांनी ट्यूब उलटी केली. बारीक अक्षरांत, तिसऱ्या ओळीत, झिंक. त्यांनी भिंग लावून वाचलं. भिंगातून ते नुसतं मोठं झालं.

ते वर गेले.

"ताई, दिवसाला क्रीम किती लावतेस?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"उठल्यावर. जेवायच्या आधी, जेवण झाल्यावर. कुणी येणार असलं तर आणखी एकदा, जरा जास्त."

"कवळी बसत नाही?"

ताई खिडकीबाहेर बघायला लागली. "पहिल्या दिवसापासून नाही."

"मग झकास का म्हणायचीस?"

"नवं दुकान होतं तुझं. पहिलंच काम फसलं म्हटलं असतं, तर हातपाय गाळून बसला असतास."

"आणि पुढची चोवीस वर्षं?"

"पुढे लाज वाटायला लागली रे. इतकं खोटं बोलून झाल्यावर एकदम खरं कसं बोलायचं?"

दातवाल्यांना राग आला आणि स्वतःची शरम वाटली, दोन्ही एकदम. मग ते म्हणाले, "आ कर."

ताईने निमूट तोंड उघडलं. कवळी हातात आली. त्यांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली. काम वाईट होतं.

क्रीम बंद झालं, तांब्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पाच दिवसांत नवी कवळी तयार झाली. ताई म्हणाली, "टोचतं. डावीकडे." त्यांनी घासून दिली. "अजून टोचतं." पुन्हा घासली. असं अकरा वेळा झालं. रक्त दोन महिन्यांत सुधारलं. पायांचं डॉक्टरीणबाई काही बोलेनात.

चौथ्या महिन्यात दातवाले एकाच्या जबड्याचं माप घेत होते, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. कठडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरी डोळ्यांनी तपासत, ताई एकटी खाली आली. उजवा तळवा अजून बधिरच होता. गिऱ्हाइकासमोरच ती म्हणाली, "बोलताना खालची कवळी उचलली जाते. वरचे दात फार पांढरे झालेत, घोड्यासारखे दिसतात. आणि उजवीकडे चावता येत नाही."

गिऱ्हाईक तोंडात मापाचा लगदा घेऊन बघत राहिलं. दातवाल्यांनी खुर्ची ओढून दिली. त्यांच्या गालांवरच्या गुलाबी धुळीत दोन ओल्या रेघा उमटल्या होत्या.

"बस ताई," ते म्हणाले. "अजून काय काय वाईट आहे, ते सगळं सांग."