आतली कडी

मी दाराच्या आतल्या बाजूची कडी बोलतेय. बाहेरच्या कडीला येणारे-जाणारे सगळे ओळखतात. मला ओळखतात ती घरातलीच माणसं.

माझा जन्म चौऱ्याण्णव सालचा, उचगावच्या एका शेडमधला. सळई कापताना माझी मूठ जरा आखूड झाली. मिस्त्री म्हणाला, चालतंय की. आणि मी कबनूरला भरमाप्पांच्या दोन खोल्यांच्या घराला येऊन बसले. मूठ आखूड असल्यानं मला दोन बोटांच्या चिमटीत धरून, वर उचलून मागं ओढावं लागायचं. धडधाकट माणसाला त्यात काहीच नव्हतं.

भरमाप्पा यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. त्यांची बायको रत्नव्वा दिवसा शेजारच्या शेडमध्ये कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. तिची बोटं इतकी चपळ होती, की सकाळी मला काढताना माझा आवाजसुद्धा व्हायचा नाही. नवरा सातला यायचा, त्याआधी दार उघडं आणि चहाचं आधण चुलीवर. बारा वर्षं यात खंड पडला नाही.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात गल्लीत घरोघरी ताप आला. चिकनगुण्या, असं लोक म्हणायचे. माणसं भिंत धरून चालायची. भरमाप्पा आठ दिवस पडून होते आणि पंधराव्या दिवशी मागावर गेले. रत्नव्वाचा ताप तर पाचव्या दिवशीच उतरला. पण तिचे घोटे सुजलेले राहिले आणि सकाळी बोटं मिटेनात.

गल्लीतल्या दवाखान्यात तिनं इंजेक्शनं घेतली. रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये काही नाही, आराम करा, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. गणपती गेले, दिवाळी गेली, थंडी सरली. बोटं तशीच.

खरी अडचण वेगळीच होती. दुपार झाली की तिचे हात थोडे सुटायचे. झोपून उठलेल्या भरमाप्पांना ती भाकरी थापताना दिसायची, मला सहज सरकवताना दिसायची. मग सकाळी ती कण्हत का होती, हे त्यांना कळायचं नाही. एकदा जेवताना ते म्हणाले, "मला बी त्योच ताप आलता की. मी उठलो न्हाय व्हय?"

त्या दिवसापासून तिनं दुखणं सांगायचंच सोडलं. पहाटे तिची मुलगी शिवांजली गुपचूप उठून मला काढायची आणि पुन्हा अंथरुणात शिरायची. कांड्यांचं काम सुटलं, तेव्हा कंटाळा आला म्हणून सोडलं, असं रत्नव्वानं सगळ्यांना सांगितलं. आळशी म्हणवून घेणं तिला सोपं वाटलं असावं.

मे महिन्यात शिवांजली मलकापूरला मावशीकडं गेली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला भरमाप्पांनी दार वाजवलं. रत्नव्वा माझ्यासमोर कधीची उभी होती. तिनं चिमटीत धरायचा प्रयत्न केला, पण बोटं लाकडासारखी ताठ. मनगटानं ढकललं. पदर गुंडाळून ओढलं. मी हलले नाही. माझं कामच न हलण्याचं, पण त्या सकाळी मला माझी लाज वाटली.

बाहेर आवाज चढत होता. शेजारचे आकाराम येऊन उभे राहिले. भरमाप्पा म्हणाले, "कडी काडाय काय पैलवान लागतोय व्हय?"

आत ती खाली वाकली होती आणि तिनं मला दातात धरलं होतं. तिचा गरम श्वास माझ्यावर येत होता. दात घसरले, ओठ फुटला.

तेवढ्यात भरमाप्पा घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी आले. गजातून त्यांनी आत पाहिलं.

"रत्नव्वा," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते. खाली बस."

"हात मिटंनात," ती म्हणाली. "रोज पोर काढती कडी. नऊ म्हयनं झालं."

ते परत पुढं आले आणि पायरीवर बसले. आकारामांना त्यांनी जायला सांगितलं. दाराला पाठ लावून ते बाहेर, ती आत, मधे मी. मला काढायला तिला साडेनऊ वाजले. तोवर त्यांनी एकदाही दार वाजवलं नाही.

त्याच आठवड्यात दोघं कोल्हापूरला एका डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली. घरी आल्यावर भरमाप्पा शिवांजलीला फोनवर सांगत होते, ते मी ऐकलं. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, सकाळी बोटं सुटायला किती वेळ लागतो? इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि रत्नव्वाला तिथंच रडू आलं. बाई म्हणाल्या, ताप जातो, पण काहींच्या सांध्यांत सूज मागं ठेवून जातो. कुणाला महिनाभर, कुणाला काही वर्षं. एकच ताप दोघांना आला, तरी दोघांचं भोगणं एक नसतं. गोळ्या दिल्या, कोमट पाण्यात हात हलवायला सांगितलं. कधी पूर्ण बरं वाटेल, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भरमाप्पांनी मला उपसून काढलं. माझ्या जागी त्यांनी कोपरानं ढकलता येईल असा लाकडी अडणा बसवला.

आता दोन हजार नऊ साल चाललंय. मी न्हाणीघरामागच्या सरपणाच्या खोपीच्या दाराला आहे. रत्नव्वा दुपारी दोन तास कांड्या भरते. थंडीत तेही जमत नाही.

इथं पावसाचे शिंतोडे येतात, म्हणून मी गंजले. परवा भरमाप्पांना मी हलेना. त्यांनी मला शिवी दिली नाही, नाटक करतेस असं म्हटलं नाही. आत गेले, तेल आणलं, थेंब थेंब सोडलं आणि थांबून राहिले. लोखंडाला हे सहज मिळतं. तुमच्या घरात कुणाचा ताप उतरून गेला असेल, तर त्या माणसाजवळ एखाद्या सकाळी असेच थोडे थांबा.