रिग्गईच्या पुलाचं उद्घाटन

हे सांगितलं तर कुणाचा बापही विश्वास ठेवणार नाही, म्हणून आजवर तोंड बंद ठेवलं होतं. पण शुक्रवारची दुपार होती, कुवेतमधल्या फरवानियाच्या खोलीत आम्ही तिघं जेवून आडवे झालो होतो आणि त्यातला शंकर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई, सीताबाई, गावी पाय मोडून पडलेली. ओढ्यावरचा साकव दोन वर्षांपूर्वी वाहून गेला. आता म्हातारीला इस्पितळात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी छातीभर पाण्यातून उचलायचं. सोमवारी नेणार होते.

गेल्या महिन्यात त्यांच्या गावाकडचे आमदार कुवेतला आले होते. इथल्या सलवा भागातल्या एका हॉलात सत्कार. मागच्या निवडणुकीला शंकर वार्षिक रजा त्याच तारखांना जुळवून, विमानाने गावी जाऊन यांनाच मत देऊन आला होता. शटरिंगचा सुतार तो, अर्धा दिवस बुडवून सलव्याला गेला. साकवाचा अर्ज, त्याला सिव्हिल आयडीची झेरॉक्स आणि निळ्या पडद्याचे दोन फोटो जोडलेले. इथल्या कुठल्याही सरकारी खिडकीवर तेच मागतात ना! दारातला बिल्लेवाला म्हणाला, "भाऊ, अर्ज टेबलावर ठेवा. इथं फक्त सत्कार. कामं तिकडे, मतदारसंघातल्या ऑफिसात." त्याच दिवशी शंकरची बायको प्रियांका त्या ऑफिसात उभी होती. तिला सांगितलं, "साहेब कुवेतला गेलेत."

तर मी म्हटलं, "शंकर, ऊठ रे. सत्कारानंतर साहेबांना विमानतळावर सोडायला गाडी कोणाची होती, ठाऊक आहे?"

"तुमची," तल्हा म्हणाला. हा समोरच्या बक्काल्यात वाणसामान विकतो. "कुवेतात दुसरा ड्रायव्हर आहेच कुठे, जाफरचाचा?"

"माझीच! साहेब हार घालूनच झोपले. मीही मुद्दाम लांबून घेतली. रिंगरोडवर डोळे उघडले, बाहेर नुसती वाळू. म्हणाले, 'ड्रायव्हर, पोचलो वाटतं मतदारसंघात.'"

तल्हा उठून बसला. "मग?"

"मी म्हटलं, 'होय साहेब.' मोठ्या माणसाला खोटं कशाला पाडा? म्हणाले, 'यंदा पाऊस कमी दिसतोय.' म्हटलं, 'तुम्ही निवडून आल्यापासून पडलाच नाही.' म्हणाले, 'टँकर सोडायला सांगतो.' तेवढ्यात बाजूने पाण्याचा टँकर गेला. साहेब खूश! 'बघितलंस? माझं नुसतं बोलायचं असतं.'"

शंकरची पाठ किंचित हलली.

"सिग्नलला बंगाली झाडूवाला होता. साहेबांनी काच खाली करून त्याचा हात धरला. 'वाडीत सगळं ठीक ना?' तो म्हणाला, 'जी, सार.' पुढे रिग्गईजवळ रस्त्यावरचा पादचारी पूल दिसला, तशी गाडीच थांबवली. 'हाच ना तो साकव, मी शब्द दिलेला?' जिना चढून वर गेले. खालून सहा पदरी रस्ता धडधडतोय. साहेब कठड्याला टेकून म्हणाले, 'पाणी आटलंय, पण ओढ्याला ओढ चांगली आहे.' मग नारळ मागितला."

"कुठला दिलात?"

"तुझ्याच दुकानातला, केरळचा. कठड्यावर फोडला. अर्धी वाटी पुलावरून चाललेल्या एका मिसरी, इजिप्तवाल्या न्हाव्याच्या हातात दिली आणि म्हणाले, 'आमच्या पक्षात या, तालुकाध्यक्ष करतो.'"

तल्हा गादीवर लोळायला लागला. शंकर कूस बदलून आमच्याकडे वळला. हसत होता लेकाचा, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

तिथेच थांबायला हवं होतं मी. पण ते हसू बघून जीभ सुटली.

"आता ऐक. तुझा अर्ज त्या टेबलावरून उचलून मी खिशात घातला होता. तो पुढे केला. साहेबांनी उभ्या उभ्या सगळा वाचला. डोळे पुसले. म्हणाले, 'सीताबाई म्हणजे माझीच आई.' आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही ठोकली. पुढच्या पावसाळ्याआधी साकव उभा!"

तल्हाने माझ्याकडे पाहिलं नाही. शंकर उठून बसला.

"चाचा, वाळूला मतदारसंघ म्हणाला असेल. आला होता कधी, ओळखायला? रस्त्याच्या पुलावर नारळही फोडला असेल, त्याचं काय जातंय? पण अर्ज वाचला? सही केली? हे मात्र खोटं बोलताय तुम्ही."