साडूभाऊंची सही

प्लंबरने आजवर लोकांची नाही नाही ती घाण उपसली होती, पण त्याला खरी मळमळ आली ती साडूच्या न्हाणीघरात.

या परक्या देशात कायम राहायचा परवाना मिळून त्याला बरीच वर्षं झाली होती. कर वेळच्या वेळी भरलेला. भाषेची परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पदरात पडलेली. राज्यघटनेचे प्रश्न बायकोने भाजी निवडता निवडता घोकून घेतले होते. आता नागरिकत्वाचं घोडं एकाच जागी अडलं होतं. ‘हा माणूस चांगल्या चारित्र्याचा आहे,’ असं लिहून देणारा जुन्या ओळखीचा नागरिक हवा होता, आणि तो रक्ताच्या नात्यातला चालत नव्हता.

“ताईचे यजमान आहेत की,” बायको म्हणाली. “घरचं माणूस सोडून दारोदार कशाला फिरता?”

हा साडू कधीच नागरिक झाला होता. तेव्हापासून ‘आमचा देश’ म्हटल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे. फोनवर तो म्हणाला, “सही ना? एका पायावर देतो. रविवारी ये. आणि हत्यारं आण हं, मोरी तुंबलीय.”

रविवारी प्लंबर गुडघ्यांवर बसून मोरीतून केसांचा बुळबुळीत लोळा ओढत होता. दारात साडू पाहुण्यांना घेऊन उभा राहिला.

“विचारा काहीही! सांग रे, संसदेत सभासद किती?”

प्लंबरने आकडा सांगितला.

“बघा, पोपट तयार आहे!” पाहुणे खो खो हसले. मेहुणीने चहाचा कप ठेवला आणि मान वर न करता निघून गेली.

पाहुणे गेल्यावर साडू बादली पालथी घालून जवळ बसला. “आमच्या तळघरात भाड्याने राहतो तो आचारी माहितीय ना? त्यानेही अर्ज टाकलाय. नागरिक झाला की चांगली नोकरी धरून पसार होईल. मग माझी बाग, गाडी कोण बघणार?”

“मग?”

“आईच्या आजारपणात तो दोन महिने मायदेशी गेला होता. तू कार्यालयाला कळव, वर्षभर गेला होता म्हणून. सलग मुक्काम मोडला की वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मी घरमालक, मी लिहिलं तर संशय येतो. तुझी चिठ्ठी, माझी सही. फिटंफाट!”

प्लंबरने मोरीतून मान वर केली. “म्हणजे चांगल्या चारित्र्याच्या दाखल्यासाठी मी खोटं लिहायचं?”

“अरे, सगळ्यांनाच आत घेतलं तर आपली किंमत काय राहील?”

प्लंबरने कोपरापर्यंत हात दोनदा खसखसून धुतले. “मोरी मोकळी झालीय, साडूभाऊ. सही ठेवा तुमच्याकडेच.”

घरी बायको आधी उखडली. “आता ताईला काय तोंड दाखवू?” मग त्याने सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि एवढंच म्हणाली, “शी!”

सही शेवटी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंनी दिली. त्यांच्या दुकानातला नळ तो कित्येक वर्षं सांभाळत होता. “एवढंच ना?” म्हणत त्यांनी मशीनवरच कागद ठेवला.

काही महिन्यांनी सभागृहात नागरिकत्वाची शपथ झाली. साडू बोलावल्याशिवाय हजर, अंगभर सेंट फवारून. “मीच घडवला ह्याला,” असं दिसेल त्याला सांगत तो फोटोत घुसला, प्लंबरच्या खांद्यावर हात टाकून कानात पुटपुटला, “आता तू आमच्यातला. आणि हो, आचाऱ्याचं काम झालं बरं का. चिठ्ठी देणारा दुसरा मिळाला.”

प्लंबरने तो हात खांद्यावरून झुरळासारखा झटकला. “फोटो नको,” तो बायकोला म्हणाला. तिने फोन केव्हाच खाली घेतला होता.

तिथून तो तसाच, नव्या कोटात, आचारी काम करायचा त्या खाणावळीच्या मागच्या दाराशी गेला. आचारी कांदे चिरत होता.

“अर्ज अडकलाय ना? जाण्या-येण्याची तिकिटं आहेत?”

“आहेत. पण माझ्या बाजूने लिहिणार कोण? जो तो म्हणतो, कशाला भानगड.”

“मी लिहितो. आजपासून माझी सही चालते.”

आचाऱ्याने सुरी खाली ठेवून पाट पुढे सरकवला. मग म्हणाला, “कोट तरी बाहेर टांगा, दादा. कांद्याचा वास लागेल.”

“लागू दे,” प्लंबर पाटावर बसत म्हणाला. “साडूच्या सेंटापेक्षा शंभर पटीने बरा.”