सुगंधीबाबाचा तांब्या

अमावास्या आली की मंगळवार पेठेतल्या त्या जुन्या तिमजली इमारतीचा जिना माणसांनी भरून जाई. खालच्या पायरीपासून दुसऱ्या मजल्यावरच्या हिराबाईंच्या दारापर्यंत बायका लेकरांना कडेवर घेऊन उभ्या असत, पुरुष टोप्या सावरत कठड्याला टेकलेले असत, आणि सगळ्यांच्या नाकाला पदर नाहीतर रुमाल लावलेला असे. दुसरीकडे लोक देवाच्या दर्शनाला रांग लावतात. इथं हिराबाईंच्या मागच्या खोलीतली घाण हुंगायला रांग लागे, आणि ती घाण जाताना बघायला त्याहून मोठी.

ती घालवणारे महापुरुष म्हणजे सुगंधीबाबा. टांग्यातून उतरायच्या आधी त्यांचा केवड्याचा दर्प उतरे. अंगावर भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं, आणि पोट असं की बाबा फक्त वाऱ्यावर जगतात या त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला खरोखरच मोठी श्रद्धा लागावी. ते भक्ताचा तळहात अंगठ्यानं चोळत, आणि त्या तळहाताला अत्तराचा घमघमाट सुटे. मग जिना चढून ते मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहत आणि नाक वर करून असा मोठा श्वास घेत की बघणाऱ्यांचा श्वास अडकावा.

"आला! आला!" बाबा मागच्या मागं झोक खात. "जीव हितंच घुटमळतोय! तहानलाय! मोरीत कुनी पानी टाकलं न्हाई न्हवं?"

"न्हाई महाराज," हिराबाई हात जोडून म्हणत. "थेंब बी न्हाई."

"मंत्राबिगर थेंब पडला तर या घरात दुसरं प्रेत पडंल, ध्यानात ठेवा! ओम् ऱ्हीं क्रीं दुर्गंधं भक्षय भक्षय फट्!"

आणि तांब्याच्या तांब्यातलं पंचगंगेचं पाणी बाबा खोलीतल्या मोरीत धार धरून ओतत. मग धूप लावून दार बंद. घटकाभरानं दार उघडलं की सडक्या अंड्यासारखा तो वास खरंच गेलेला असे. जिन्यात जयजयकार होई आणि बाबांच्या पुढ्यात नारळांचा ढीग पडे.

हा तमाशा समोरच्या बिऱ्हाडाच्या दारातून लीलाताई बघत असत. लीलाताई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. लग्न केलेलं नव्हतं, जीभ तिखट होती, आणि मूर्खपणा दिसला की गप्प बसणं त्यांना जमत नसे.

"बाबांच्या नाकाला म्युनिसिपालिटीत नोकरी द्यायला हवी," त्या एकदा मोठ्यानं म्हणाल्या. "गटारं तपासायला उपयोग होईल."

खालच्या मजल्यावरचे गणपतराव संस्थानच्या काळात दप्तरात कारकून होते. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली तरी फेटा उतरला नव्हता. ते फुरंगटून म्हणाले, "बाई, थट्टा करायला काय लागतंय? वास जातोय न्हवं? मग कसा जातोय ते सांगा की!"

वास होता हे खरं, आणि तो जात होता हेही खरं. बाबा लबाड आहे हे लीलाताईंना पक्कं ठाऊक होतं, पण ते दाखवायचं कसं हे ठाऊक नव्हतं, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप येई.

हिराबाईंचं घर गुळाच्या व्यापाऱ्यांचं. नवरा गेल्यावर त्यांनीच दोन्ही मुलांना पेढीवर बसवलं. थोरला शिवाप्पा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. धाकटा बाळाप्पा मागल्या वर्षी विषमज्वरानं गेला. त्याला शेवटची आंघोळ मागच्या खोलीतल्या मोरीत घातली, आणि तेव्हापासून त्या मोरीला हात लावायला कोणी धजेना. सगळे स्वयंपाकघरातली मोरी वापरू लागले. थोड्याच दिवसांत मागच्या खोलीला वास सुटला. त्या खोलीत झोपत होती ती बाळाप्पाची बायको, महादेवी. वय जेमतेम वीस-बावीस. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेली, आणि मास्तरीण व्हायचं म्हणून ट्रेनिंग कॉलेजच्या परीक्षेसाठी लीलाताईंकडं गणित शिकायला येणारी.

वास दर अमावास्येला जाई आणि पुढची अमावास्या जवळ आली की परत येई. का परत येतो, याचं उत्तर बाबांनी चैत्रातल्या अमावास्येला दिलं. महादेवीकडं बोट दाखवून ते म्हणाले, "जीव हिच्यापायी अडकलाय! ही घरात हाय तवर वास जानार न्हाई. फुडच्या आवसंला मी हिला कोडोलीकडच्या मठात घिऊन जातो. जल्मभर सेवा करंल, जीव सुटंल."

हिराबाईंनी मान डोलावली. जिन्यातल्या एवढ्या माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि दोन-चार बायकांनी तर त्या पोरीला नशीबवान म्हटलं.

संध्याकाळी महादेवी लीलाताईंच्या दारात उभी राहिली. "ताई, मठात गेलेली बाई परत येत न्हाई म्हनत्यात. मला न्हाई जायचं वो."

लीलाताई तडक हिराबाईंकडं गेल्या. "तुमची सून त्या पोटभरूच्या स्वाधीन करताय? लाज नाही वाटत?"

"मास्तरीनबाई, तुमी वास घालवून दावा, मग बोला," हिराबाई थंडपणे म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून महादेवीचं गणित बंद झालं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली. लीलाताई सांगलीला भावाकडं गेल्या, पण पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या परत आल्या, कुलूप काढलं, दार ढकललं, आणि तिथंच थबकल्या.

त्यांच्या खोलीत तोच वास येत होता. तीच सडकी अंडी.

खोटं कशाला सांगा, क्षणभर लीलाताईंनाही बाळाप्पा आठवला. पण प्रवासाची धूळ अंगावर होती. त्यांनी पदर खोचला, मोरीत बसून हातपाय धुतले, दोन बादल्या घेऊन आंघोळ केली. चहा करून कप तोंडाला लावला तेव्हा वास कमी झाला होता. दिवेलागणीला वासाचा मागमूसही उरला नव्हता.

लीलाताई हसायलाच लागल्या. या खोलीत कोणी मेलं नव्हतं, कोणाचा जीव घुटमळत नव्हता, आणि सुगंधीबाबानं इथं पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्यांनी कंदील घेतला आणि मोरीवरची जाळी उचलली. इमारतीच्या मालकानं दोन वर्षांपूर्वी सगळ्या मोऱ्या परसातल्या बंद मैल्याच्या टाकीला जोडून घेतल्या होत्या. जाळीखाली नळ वाकवून बसवलेला होता, आणि त्या वाकणात पाणी चमकत होतं.

सकाळी त्या हिराबाईंच्या दारात गेल्या. हातात पाण्याचा तांब्या होता, आणि सोबत गणपतरावांना ओढून आणलं होतं.

"बाबा यायच्या आधी मला घटकाभर द्या. वास गेला नाही, तर मी स्वतः महादेवीला टांग्यात बसवून देते."

"काय करनार तुमी?"

"मोरीत पाणी ओतणार. साधं, नळाचं. मंत्र नाही, धूप नाही."

हिराबाई दचकल्या. "आनि दुसरं प्रेत पडलं मंजे?"

"पडलं तर ओतणाऱ्याचं पडेल. मी ओतते."

तेवढ्यात महादेवीनं पुढं होऊन लीलाताईंच्या हातातला तांब्या घेतला. "मी वततो ताई. मठात जाऊन मरायचं ते हितंच मरतो," असं म्हणून तिनं तो मोरीत रिकामा केला, आणि वर आणखी एक ओतला.

खिडक्या उघडल्या. गणपतराव दर थोड्या वेळानं नाक पुढं करून आत जात आणि पडलेल्या चेहऱ्यानं बाहेर येत. शेवटी ते पुटपुटले, "गेला की वो!"

हिराबाई स्वतः आत गेल्या. चारही कोपऱ्यांत हुंगून आल्या. महादेवी भिंतीला टेकून धडधाकट उभी होती.

"बाबांना यातलं काही सांगू नका," लीलाताई म्हणाल्या. "त्यांना येऊ दे, वास घेऊ दे."

"व्हय," हिराबाई सावकाश म्हणाल्या. "आमी ढेप फोडून बघितल्याबिगर गुळाचा भाव करत न्हाई. येऊ दे त्यास्नी."

टांगा आला. केवडा आला. मागून बाबा आले. उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी तोच मोठा श्वास घेतला, डोळे फिरवले आणि चौकटीला धरून डुलू लागले. "आला! आला! आज तर दुप्पट आला! जीव खवळलाय!"

जिन्यातल्या माणसांनी सवयीनं नाकाला लावलेले पदर हळूहळू खाली आले. सगळे हुंगू लागले. दाराजवळची बायडाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "कुटं हाय वो वास? मला तर तुमचा केवडाच येतोय!"

"पापी नाकाला तो येत नसतोय!"

"वरीसभर येत हुता की ह्याच नाकास्नी!" हिराबाई कडाडल्या. "आजच कसं पापी झाली नाकं?"

बाबा गडबडले. नजर मोरीकडं गेली, ओली फरशी दिसली, आणि ते ओरडले, "पानी कुनी वतलं मोरीत? कुनी वतलं?"

"वा महाराज!" लीलाताई पुढं झाल्या. "वास गेलेला तुम्हाला कळला नाही, पण पाणी ओतलेलं बरोबर कळलं. म्हणजे वास कशानं जातो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मग त्यांनी जाळी उचलून प्रत्येकाला आत डोकवायला लावलं. "हा वाकडा नळ दिसतोय? या वाकणात पाणी साठून राहतं. बाटलीला बूच असतं ना, तसं ते पाणी खालच्या टाकीतली घाण हवा अडवून धरतं. मोरी वापरली नाही की पाणी सुकतं, बूच निघतं, आणि टाकी तुमच्या घरात श्वास सोडते. तुम्ही भीतीनं मोरी बंद केलीत, वास आला. या गृहस्थानं पाणी टाकायची बंदी केली, म्हणजे तो दर महिन्याला परत यायची सोय झाली. माझी खोली सुट्टीत इतके दिवस बंद होती, तिथंही हाच वास होता."

गणपतरावांनी शेवटचा आधार शोधला. "पन बाई, हाताला अत्तराचा वास येतोय तो?"

"ते ज्या अंगठ्यानं हात चोळतात, त्याचं नख दाखवायला सांगा."

बाबांनी मूठ झाकली. शिवाप्पानं ती उघडली. लांब वाढवलेल्या नखाखाली अत्तरात भिजवलेला कापूस निघाला. त्यानंतर बाबा ज्या वेगानं जिना उतरले, तो वाऱ्यावर जगणाऱ्या माणसालाच शोभेल असा होता. तांब्या मागंच राहिला.

जिन्यातली माणसं खाली माना घालून पांगू लागली, तेव्हा लीलाताईंनी त्यांना थांबवलं. "जाताना एवढं ऐका. वर्षभर तुम्ही सगळे इथं नाक दाबून उभे राहिलात. एकानंही खाली वाकून मोरी बघितली नाही. आणि मीही नुसती हसत राहिले, जाळी उचलली नाही. या पोरीला अवदसा ठरवायला सगळी इमारत लागली, आणि तिला सोडवायला तांब्याभर पाणी पुरलं."

हिराबाईंनी सुनेची माफी मागितली नाही, तशी त्या पिढीला सवय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी बाबाचा तो तांब्या घासूनपुसून महादेवीच्या हातात दिला.

"आजपास्नं आंगूळ हितल्याच मोरीत कर," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळून विचारलं, "आनि त्या मास्तरीनबाईकडं गनिताला कवा जानार? परीक्षा जवळ आली न्हवं?"

घरात घाण वास सुटला तर आधी मोरीत डोकावून बघावं. तिथं काही सापडलं नाही तर आणखी एकदा, नीट, उजेड घेऊन बघावं. घरातल्या सुनेच्या तोंडाकडं बघायचं काही कारण नाही.