हळदीची डीव्हीडी

चांगदेव तात्यांनी डीव्हीडी रायटर मागितला, तेव्हा जुन्नरचा दुकानदार परवेज चाट पडला. "तात्या, आता हे कुणी नेत न्हाई राव. पेनड्राइव्ह घ्या." पण तात्यांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. ते चपटं यंत्र पिशवीत घालून त्यांनी थेट मंचर गाठलं, लेकीचं, आरतीचं घर.

आरतीच्या लग्नाची एकुलती एक डीव्हीडी तात्यांच्या निमगाव सावाच्या घरी असायची, आणि घरच्या प्लेयरवर ती नेमकी हळदीपाशी अडकायची. त्याच हळदीत बायकांनी तात्यांच्या कुशाबाईला नाव घ्यायला लावलं होतं. तात्या तेव्हा पाण्याच्या टँकरमागे धावत होते, ऐकायचं राहूनच गेलं. शेजारच्या सरूबाई अजून सांगायच्या, "लई ग्वाड नाव घेतलं व्हतं तुमचं." स्वतःच्या लग्नात कुशाबाई पदरात तोंड खुपसून काहीतरी पुटपुटली होती, तेवढंच. बाकी अख्ख्या संसारात तिच्या तोंडून आपलं नाव तात्यांनी कधी ऐकलं नव्हतं. गेल्या साली ती गेली. तेव्हापासून तात्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच चार घास गिळत, आणि ते नाव एकदा तरी कानांवर पडावं म्हणून झुरत.

आरतीनं रायटर कॉम्प्युटरला जोडला. तात्यांनी घरून सोबत आणलेली डीव्हीडी आत गेली, घरघरली, कुरकुरली, पण नवं यंत्र हळदीपाशी अडलं नाही. पडद्यावर हिरव्या साडीतली कुशाबाई आली. बायकांनी तिला कोपरानं ढोसलं. ती लाजली, हसली आणि तिचे ओठ हलले.

स्पीकरमधून मात्र सिनेमातलं गाणं दणदणत होतं. त्या काळी शूटिंगवाले मूळ आवाज पुसून सगळीकडे गाणी चढवायचे आणि लोकही खूश व्हायचे. तात्यासुद्धा तेव्हा खूश झाले होते.

"खालचा आवाज न्हाई का काढता येत?"

"न्हाई तात्या. पुसलाय त्यांनी."

तात्या नुसते ओठ बघत राहिले. आरती बंद करायला गेली, तेवढ्यात गाणं संपलं. पुढचं अजून सुरू व्हायचं होतं. मधल्या फटीत ताटांचा खणखणाट झाला, एक पोर रडलं, आणि टँकर लावून आलेल्या, चौकटीबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून कुशाबाई म्हणाली, "अवं, जेवलात का तुमी?"

लगेच दुसरं गाणं लागलं.

"मागं घे," तात्या म्हणाले. आरतीनं मागं घेतलं. मग पुन्हा घेतलं. तात्यांचे डोळे भरून वाहायला लागले. संसारभर ती याच हाकेनं बोलावत आली होती आणि हे येडे दुसरंच नाव शोधत बसले होते.

"कोऱ्या डीव्हीडीवर सगळं लग्न टाकते," आरती म्हणाली.

"लग्न नको. तेवढंच टाक. एकामागं एक, मावंल तेवढं."

आरतीनं ओढणीनं नाक पुसलं आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निमगाव सावाला तात्यांनी टीव्हीसमोर पाट मांडला. ताट वाढून घेतलं, डीव्हीडी लावली आणि आवाज मोठा केला.

"अवं, जेवलात का तुमी?"

"बसतोय," तात्या म्हणाले आणि त्यांनी भाकरी मोडली.