पाठीवरचा ढ

मी खोडरबर बोलतोय, पण हळू. वर्गात सहामाहीचा भूमितीचा पेपर चालू आहे आणि मी नववीतल्या एका मुलीच्या बाकावर पट्टीशेजारी पडलोय. भीतीनं माझा भुगा व्हायची वेळ आली आहे.

कारखान्यातून मी पांढराशुभ्र निघालो होतो. दुकानात हिच्या आईनं मला दोन बोटांत दाबून बघितलं. "कागद फाटायला नको हो," म्हणाली आणि घरी आणलं. आठ दिवसही झाले नाहीत, तोच मधल्या सुट्टीत कुणीतरी माझ्या पाठीवर बॉलपेननं मोठा ढ काढला. हिनं तो बघितला. मला कंपासपेटीत उलटं ठेवलं, एवढंच.

या वर्गात हुशार कोण नि ढ कोण, हे पाचवीतच ठरून गेलंय. पहिल्या बाकावरची मॉनिटर हुशार. ती शिंकली तरी बाकीचे वहीत उतरवून घेतील.

गेल्या महिन्यात चाचणी होती. एक कोन मोजायचा होता. हिनं कोनमापक नीट लावला आणि पासष्ट लिहिलं. बरोबरच होतं, कोन काटकोनाहून लहान दिसत होता. तेवढ्यात पुढून कुजबुज आली, "एकशे पंधरा." मॉनिटरनं आकडे उलट्या बाजूनं वाचले होते. अख्खा वर्ग भराभर एकशे पंधरा लिहायला लागला. हिनं पुढच्या बाकांकडे बघितलं. तिनं मला उचललं आणि मी ते पासष्ट पुसून टाकलं. ते पाप माझं.

पेपर परत देताना सरांनी हिचा पेपर उजेडाकडे धरला. "खाली पासष्ट दिसतंय. बरोबर उत्तर का खोडलंस गं?"

"सर, माझं कसं बरोबर असेल?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. मॉनिटरही हसली नाही, तिचे कान लाल झाले होते.

त्या संध्याकाळी कंपासपेटी आवरताना आईला तो ढ दिसला. तिनं सुरी घेऊन ओट्यावर माझी पाठ सोलली. "त्या हुशार मुलीचं काय आलं ते बघत जा, असं मीच सांगितलं होतं ना तुला," म्हणाली आणि सोलतच राहिली. पण शाई खोल मुरलेली. निळा डाग अजून आहे.

आता शेवटचा प्रश्न. ही याच तुकडीत राहणार की शेवटच्या तुकडीत जाणार, ते या पेपरावर ठरणार. तीन बाजू दिल्यात, त्रिकोण काढून वरचा कोन मोजायचाय. हिचा आलाय पन्नास. पुढून कुजबुज आली, "साठ." या वेळी कोण बरोबर, ते मलाही माहीत नाही.

पोरी, मला फक्त खोडता येतं गं. खरं-खोटं मला कळत नाही. आधी पुन्हा एकदा मोज, मग मला उचल.

घंटेला पाच मिनिटं आहेत. तिची गार बोटं माझ्यावर आली. तिनं मला डाव्या मुठीत गच्च आवळून धरलंय, आणि उजव्या हातानं कोनमापक जवळ ओढलाय.