डावखुरीचं फूल

रामेश्वर पोतदारांना खोट्या दागिन्यांचा मनापासून तिटकारा होता. जन्म राजापूरकडच्या सोनाराच्या घरातला, आणि पुढची बत्तीस वर्षं शारजाच्या औद्योगिक भागातल्या एकाच कारखान्यात खडे बसवण्यात गेलेली. पितळेला हात लागला तर ते साबणानं हात धुवून मगच चहाचा कप उचलत. त्यामुळे समिधा करंदीकर नावाची बाई एक ब्रूच घेऊन आली आणि कारखान्याचा मालक सतीश यानं ते थेट त्यांच्या पाटावर ठेवलं, तेव्हा त्यांनी भिंगसुद्धा उचललं नाही.

"मिड-सेंच्युरी व्हिंटेज, काका," समिधा म्हणाली. "एकोणीसशे बावन्नचं, न्यूयॉर्कचं. चार खडे पडलेत, तेवढे बसवायचेत."

"धातू कुठला?"

"बेस मेटल. गोल्ड प्लेटेड."

"म्हणजे मुलामा. आणि खडे?"

"ऱ्हाइनस्टोन्स."

"म्हणजे काच."

"काका, सहा हजार दिरहम किंमत आहे त्याची. म्हणजे धरा, दीड लाख रुपये."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं रामेश्वर मनात म्हणाले आणि बाईकडे नीट पाहिलं. तिची ऑनलाइन दुकानदारी होती आणि ती जुन्या दागिन्यांवर व्याख्यानंही देत असे. पन्नास-साठच्या दशकातल्या गोऱ्या डिझायनरांची नावं ती सख्ख्या मामांची घ्यावीत तशी घेत होती. तिच्या स्वतःच्या कानात मात्र बावीस कॅरेटच्या कुड्या होत्या. काच विकायची ती दुसऱ्यांना.

ती गेल्यावर रामेश्वरांनी नाइलाजानं ब्रूच भिंगाखाली धरलं. पाच पाकळ्यांचं फूल होतं. खडे डिंकानं चिकटवलेले असणार अशी त्यांची खात्री होती, आणि तिथेच ते फसले. डिंकाचा टिपूसही नव्हता. ऐंशी-पंच्याऐंशी खडे, प्रत्येकाला धरून ठेवणाऱ्या चार बारीक नख्या, आणि एकूणएक नखी हातानं वाकवलेली. कुठे घाई नाही, कुठे ओरखडा नाही. पाकळीच्या वळणावर खडे लहान होत गेले होते, ते डोळ्याला कळतही नव्हतं. मागची बाजू पुढच्याइतकीच साफ होती, जी कुणी पाहणार नव्हतं.

नख्यांवर हत्याराचे व्रण होते आणि ते सगळे उलट्या बाजूला कललेले होते. रामेश्वरांनी फूल फिरवून पाहिलं, स्वतःचा चिमटा डाव्या हातात धरून पाहिला. करणारा माणूस डावखुरा होता.

त्यांना स्वतःचीच लाज वाटली. गेली दहा वर्षं ते खडे मेणाच्या साच्यात खोचत होते. वरून सोनं ओतलं की काम झालं. लग्नाच्या बांगड्या, एकसारख्या, शेकड्यांनी. सोनं अस्सल होतं आणि काम भिकार. इथे धातू भिकार होता, आणि हात असा की त्याच्यापुढे पाट मांडून बसायची आपली लायकी नाही.

चार खडे बसवायला त्यांनी तीन दिवस लावले. सतीश दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला.

समिधा ब्रूच न्यायला आली तेव्हा खूश झाली. मग तिनं ते उलटं केलं. "एकच प्रॉब्लेम आहे, सतीश. सही नाहीये. हे हेन्री वोल्मारचंच असणार, स्टाइल बघ ना. सही राहून गेली असेल. मागे बारीकसं नाव घालून द्याल का?"

"मेलेल्या माणसाची सही मी करू?" रामेश्वर म्हणाले.

"सही नाही हो काका, ॲट्रिब्यूशन."

"आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात."

सतीश हसला. कस्टमरसमोर असंच हसायची त्याला सवय होती. "काका, सोडा तुम्ही. मुश्ताक, यल्ला, चल, लेझरवर घे."

लेझर मशीनवरच्या मुश्ताकनं पाच मिनिटांत नाव कोरून दिलं. रामेश्वरांनी पाहिलं आणि मान खाली घालून बांगड्यांना लागले.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, दुबईतल्या ऊद मेथाच्या एका हॉलमध्ये समिधाचं व्याख्यान होतं. शोभेला एक मास्टर क्राफ्ट्समन हवा म्हणून सतीश रामेश्वरांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावून घेऊन गेला. ते गेले ते ब्रूच पुन्हा बघायला मिळेल म्हणून. तसं त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

हॉल सुगंधी बायकांनी भरला होता. पडद्यावर पाईप ओढणारे डिझायनर एकामागून एक येत होते आणि समिधाची मुलगी सान्वी चित्रं पुढे सरकवत होती. कुणी कुठल्या नटीसाठी काय काढलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, महायुद्धात धातू मिळेना तेव्हा कुणी चांदी कशी वापरली. चाळीस मिनिटं पुरुषांची नावं. मधेच समिधा म्हणाली, "आणि ऑफकोर्स, खडे बसवायचं काम बऱ्याचदा कारखान्यांच्या गावातल्या इमिग्रंट बायका घरी बसून करायच्या, नगावर पैसे घेऊन. नेक्स्ट स्लाइड, सान्वी."

रामेश्वर खुर्चीत ताठ झाले. म्हणजे डावखुरा नव्हे, डावखुरी असणार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, पोरं झोपवून, नगाच्या भावानं तिनं ते फूल जडवलं असेल. आणि या बाईनं तिला अर्ध्या वाक्यात उरकलं.

मग ब्रूच टेबलावर आलं. उम्म अल कुवैनहून आलेल्या मैमुनाबी नावाच्या वयस्कर बाई सर्वांत आधी उठल्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, मराठी घरातल्या. त्यांनी ब्रूच तळहातावर घेतलं. "मला हे फूल आवडलं. कुणी केलंय?"

"हेन्री वोल्मार, एकोणीसशे बावन्न. मागे सही आहे बघा."

"खोटं आहे," रामेश्वर म्हणाले.

"अंकल, क्वेश्चन्स लेटर, प्लीज," सान्वी म्हणाली.

"मी विचारत नाहीये, सांगतोय. हे नाव लेझरनं कोरलंय. बावन्न साली लेझर होतं का कुठे? आमच्याच कारखान्यात कोरलं, दोन आठवड्यांपूर्वी."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. समिधाचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती. "आणि तुम्ही समोर बसून बघत होतात ना, काका? दोन आठवडे गप्प का होतात मग?"

घाव वर्मी लागला. सतीश त्यांच्या बाहीला ओढत होता. रामेश्वरांनी हात सोडवून घेतला.

"नोकरी जाईल म्हणून," ते म्हणाले. "मीही त्याच लायकीचा. पण या फुलाला तुमच्या वोल्मारची गरज नाही, बाई. तुम्हाला आहे, कारण नाव काढलं तर त्यात बघायचं काय, ते तुम्हाला कळत नाही."

मैमुनाबींनी शांतपणे विचारलं, "मग केलं कुणी?"

"नाव माहीत नाही. डावखुरी होती. हिनं सांगितलं तसलीच कुणी बाई असणार. तिच्याइतकं साफ काम मी बत्तीस वर्षांत केलेलं नाही."

म्हातारीनं ब्रूच परत एकदा उजेडात धरलं. "मग मला हेच हवं. पण नाव काढून द्या. दुसऱ्याचं नाव मी छातीवर लावणार नाही."

समिधानं ब्रूच दिलं, आणि ऑफकोर्स, वोल्मारच्या नावाच्या किमतीला नाही. तेव्हाही ती हसत होती. इतक्या लोकांसमोर दुसरं करणार काय? महिन्याभरात तिनं तेच व्याख्यान अबू धाबीत दिलं, तेच पाईपवाले घेऊन, असं मुश्ताकनं फोनवर दाखवलं. रामेश्वरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

सतीशनं त्यांना काढलं नाही. लग्नाचा सीझन होता आणि हात कमी होते. पण बाहेरचं काम बंद केलं, बोलणंही तेवढ्यास तेवढं. सकाळी सलाम नाही, चहा नाही.

मैमुनाबी मुलाच्या गाडीतून एका दुपारी कारखान्यात आल्या. रामेश्वरांनी जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्या डोळ्यांदेखत, बारीक कानशीनं ते नाव घासून काढलं. एकेक अक्षर गेलं. पुढच्या बाजूला धक्का लागू नये म्हणून फूल त्यांनी मऊ चामड्यावर पालथं धरलं होतं. काम संपल्यावर त्यांनी ते बाईंच्या दुपट्ट्यावर स्वतः टाचून दिलं.

"किती द्यायचे?" बाईंनी विचारलं.

"पितळेच्या कामाचे मी पैसे घेत नाही," रामेश्वर म्हणाले आणि हात न धुताच डबा उघडून बसले.